उसाच्या गाडीला जुंपलेल्या बैलाचे हाल : काय पाहायचं, कुठे कळवायचं

आधी खांदा पाहा. जुवाखाली सूज, सोललेली कातडी किंवा चिघळलेली जखम असेल आणि तरी बैल जुंपलेला असेल, तर तो गुन्हा. मग पराणी (बैल हाकायची काठी) पाहा. टोकाला आर (खिळा) असलेली पराणी वापरायला ओढकामाच्या जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांत बंदी आहे. त्याच नियमांनुसार दिवसात ९ तासांहून जास्त काम नाही, सलग ५ तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांपुढे जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही.

गाडी चालती असताना व्हिडिओ घ्या. जखम जवळून, मग गाडीचा नंबर आणि आजूबाजूची खूण. गाडीवानाशी हुज्जत नको. बहुतेकदा तो उचल (आगाऊ पैसे) घेतलेला मजूर असतो.

तातडीचं असेल तर ११२, एरवी लेखी तक्रार पोलीस ठाण्यात, पोच घ्या. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं (१९६०) कलम ११ बहुतांशी अदखलपात्र (कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत), म्हणून ‘एनसी’वर, म्हणजे नुसत्या नोंदीवर, बोळवण होते. बैल कायमचा जायबंदी केला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लिहा. ते दखलपात्र आहे. सरकारी पशुवैद्यकाचा दाखला त्याच दिवशी घ्यायला लावा. सूज उतरली की पुरावाही उतरतो.