कॉन्टॅक्ट लेन्स घालून खेळताना

खेळासाठी सॉफ्ट लेन्स घ्या, शक्यतो रोज नवी घालून टाकून देण्याची, म्हणजे डेली डिस्पोजेबल. सॉफ्ट लेन्सचा व्यास साधारण १४ मिलिमीटर असतो. ती बुबुळ झाकून पांढऱ्या भागावरही टेकते, त्यामुळे धावपळीत सहसा निसटत नाही. हार्ड लेन्स ९-१० मिलिमीटरची असते आणि धक्क्याने पटकन सरकते. नंबर डॉक्टरांकडूनच काढून घ्या आणि नवी लेन्स आधी सरावात वापरून बघा, थेट सामन्यात नको.

खेळाच्या अर्धा तास आधी साबणाने हात धुवा, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने पाहा. वाटीसारखी दिसली तर सुलट, काठ बाहेर पसरलेला दिसला तर उलटी. सनस्क्रीन लेन्स घातल्यावरच लावा. आधी लावलं तर बोटावरचा तेलकटपणा लेन्सवर जातो आणि धूसर दिसू लागतं.

चेंडूवर नजर रोखली की पापण्या कमी मिटतात. त्यात वारा किंवा एसी असेल तर लेन्स सुकते, टोचते. खेळ थांबला की मुद्दाम पापण्या पूर्ण मिटा. लेन्सवर चालणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब जवळ ठेवा. घामासाठी हेडबँड बांधा. डोळा चोळू नका, त्याने लेन्स दुमडू शकते.

लेन्स मैदानात पडली तर उचलून पुन्हा घालू नका. नळाच्या पाण्याने धुणं किंवा थुंकी लावणं तर अजिबात नको. किटमध्ये नव्या लेन्सची जोडी आणि चष्मा असू द्या.

पोहताना लेन्स नकोच. पाण्यातला अकँथामीबा नावाचा सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकला तर बुबुळाला होणारा संसर्ग फार चिवट असतो आणि नजरही जाऊ शकते. त्यापेक्षा नंबरचा पोहण्याचा गॉगल घ्या.

लेन्स डोळ्याला मारापासून वाचवत नाही. स्क्वॉश, बॅडमिंटन, हॉकीसाठी लेन्सवरून पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा घाला. चेंडू किंवा शटल डोळ्यावर लागलंच तर डोळा दाबू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

खेळ संपला की पुन्हा हात धुऊन लेन्स काढा. चिकटली असेल तर ओढू नका. थेंब टाका, काही मिनिटं पापण्या मिटत राहा, ती सैल होईल. काढल्यावरही लाली, दुखणं, धूसरपणा राहिला किंवा उजेड सहन होत नसेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.