हात आधी जातो, विचार मागून येतो: अबोध मनाला रंगेहाथ कसं पकडायचं

आधी एक करून बघा. फोनमधलं जे ॲप तुम्ही सगळ्यात जास्त उघडता ना, त्याचा आयकॉन उचलून दुसऱ्या पानावर टाका आणि त्या जागी कॅल्क्युलेटर ठेवा. मी हे केलं तर पहिल्याच दिवशी पाच-सहा वेळा समोर कॅल्क्युलेटर उघडलेला, आणि खरं सांगतो, त्यातल्या एकदाही मी "चला, ॲप बघूया" असं ठरवलं नव्हतं, अंगठा आपला आपण गेला.

सवयीची कामं बरीचशी मेंदूच्या खोल भागातून, बेसल गँग्लिया म्हणतात तिथून चालतात. इशारा मिळाला की हालचाल सुरू, तुम्हाला विचारायला कोणी थांबत नाही. म्हणून इशारा शोधायचा. तीन-चार दिवस, असं झालं की लगेच लिहा: कुठे होतो, किती वाजले होते, त्याच्या आधी काय चाललं होतं, कंटाळा होता की टेन्शन.

फक्त "का केलं" हे लिहू नका. ह्यावर मी मुद्दाम जोर देतोय कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. निस्बेट आणि विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये एक प्रयोग छापला, लोकांसमोर स्टॉकिंग्जचे चार जोड ओळीने मांडले, चारही अगदी सेम, आणि सगळ्यात चांगला निवडा म्हटलं. सगळ्यात उजवीकडचा 40 टक्के लोकांनी निवडला, डावीकडचा फक्त 12 टक्क्यांनी. कारण विचारलं तर जागेचं नाव कोणीच काढलं नाही, आणि जागेमुळे निवडला का असं थेट विचारल्यावरही जवळपास सगळे नाहीच म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते हो, मन कारण नंतर जुळवतं आणि आपल्याला ते अगदी खरं वाटतं.

इशारा सापडला की त्यालाच नवीन काम जोडा, "जर-तर" करून. माझा इशारा निघाला लॅपटॉप मिटणं, मग ठरवलं, लॅपटॉप मिटला तर उठून खिडकीपाशी जायचं, बास. नुसतं "फोन कमी बघेन" म्हणून काही होत नाही, त्यात इशाराच नाही.

वेळ लागतो. लंडनमधल्या एका अभ्यासात नवीन सवय अंगवळणी पडायला कोणाला 18 दिवस लागले, कोणाच्या बाबतीत अंदाज 254 पर्यंत गेला, मधला आकडा 66. आणि एखादा दिवस चुकला तर त्याने फारसा फरक पडला नाही, त्यामुळे चुकलात तर पुढच्या वेळी लॅपटॉप मिटला की उठा.