बोंडअळीचे कारण सांगताना: अटकळ कोणती, सिद्धान्त कोणता

कपाशीवर बोंडअळी आली की विदर्भातील गावोगावी पारावर कारणे निघतात: बियाणे बोगस होते, ढगाळ हवामान नडले, शेजाऱ्याने फवारणीच केली नाही. या साऱ्या अटकळी आहेत. अटकळ बांधण्यात काहीच गैर नाही. मात्र तिला वैज्ञानिक सिद्धान्ताच्या पंगतीला बसवण्यापूर्वी ती पारखून घ्यावी.

प्रथम असे विचारावे की, हे म्हणणे खोटे असते तर शेतात काय वेगळे दिसले असते? पाकिटात बीटी बियाणे (ज्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारे विष तयार होते) नव्हतेच असा संशय असेल, तर त्या झाडांवर अमेरिकन बोंडअळीही बिनधास्त वाढायला हवी. हिरवे बोंड फोडल्यावर सरकी पोखरणारी गुलाबी अळीच तेवढी सापडत असेल, तर बियाण्यावरचा आरोप लंगडा पडतो. ‘नशिबातच होते’ या उत्तराला अशी कसोटी लावताच येत नाही, म्हणून ते येथेच बाजूला ठेवावे.

त्यानंतर पाहावे की, ज्या घटनेसाठी कारण शोधले तिच्या पलीकडचेही ते काही सांगते का. खरा फरक येथे कळतो. डार्विनने 1859 मध्ये सविस्तर मांडलेला नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त काही कपाशीसाठी नव्हता. तरीही 2002 मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीवर 2017 मध्ये गुलाबी अळीने विदर्भात थैमान का घातले, हे त्यातून उलगडते. ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगते आणि फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही जुनी कपाशी उभी ठेवली, की तिचे खाद्य लांबते, त्यामुळे बीटीच्या विषाला पुरून उरणाऱ्या मोजक्या अळ्यांचाच वंश वाढत जातो. अमेरिकन बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही पोसली जाते. तेथे विषाला बळी पडणाऱ्या किडीही टिकतात, त्यांचा विषाला पुरून उरणाऱ्या किडींशी संकर होत राहतो आणि प्रतिकारशक्ती सहज पसरत नाही. बीटीच्या पिशवीसोबत बिगर-बीटी बियाण्याचे 120 ग्रॅमचे पाकीट याच हिशेबाने दिले जात असे, जे अनेक घरांत न पेरताच पडून राहिले.

आपल्या वावरात यंदा अळी किती, हे मात्र सिद्धान्त सांगत नाही. त्यासाठी शेतात फिरून 20 हिरवी बोंडे तोडून फोडावीत आणि दोन किंवा अधिक बोंडांत जिवंत गुलाबी अळी आढळल्यास फवारणीसाठी सहायक कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा.