विदर्भातल्या गावांत पोर्ट्रेट काढताय? या चुका टाळा

घाटंजी तालुक्यातल्या एका वावरात मी पहिल्यांदा कापूस वेचणीचे फोटो काढायला गेलो, तेव्हा एका मावशींना वीस मिनिटं उन्हात उभं ठेवलं. मान जरा इकडे, हात तिकडे, नजर कॅमेऱ्यात. त्यांनी सांगितलं तसं सगळं केलं. मग म्हणाल्या, "भाऊ, झालं असन तर जाऊ द्या मले. काटा संध्याकाळी हाय." काटा म्हणजे वेचलेल्या कापसाचं वजन; वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्या वीस मिनिटांत त्यांच्या ओटीत बोंडभर कापूस पडला नव्हता आणि बाजूच्या तासांमधल्या, म्हणजे ओळींमधल्या बाया पार पुढे निघून गेल्या होत्या. फोटोत त्यांचा चेहरा ओढलेला आला. घरी येऊन मी लेन्स बदलायचा विचार करत बसलो.

लेन्समध्ये काहीच बिघाड नव्हता. गावातल्या माणसांचे फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा शटर दाबण्याच्या आधी. पुढच्या बऱ्याचशा चुका मी स्वतः केल्या आहेत, काहींची लाज अजून वाटते.

सोनेरी उजेडाच्या मागे धावणं

नवखा फोटोग्राफर पहाटे सहाला वावरात जाऊन उभा राहतो, कारण कुठेतरी वाचलेलं असतं की सूर्योदयानंतरचा तास सगळ्यात चांगला. डिसेंबरात त्या वेळी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर दव असतं. ओला कापूस वेचत नाहीत, त्याची प्रत जाते. दव उडालं, घरचा स्वयंपाक उरकला की बाया येतात, तोवर ऊन डोक्याकडे सरकायला लागलेलं असतं. मग फोटोग्राफर काय करतो, तर दोन-तीन बायांना भल्या पहाटे बोलावून घेतो आणि वेचण्याचं सोंग करायला लावतो. तो फोटो ज्याने कापूस वेचला आहे त्याला एका नजरेत खोटा वाटतो.

उजेडाला कामाच्या मागे येऊ द्या. दिवसभर तासांमधून त्यांच्यासोबत चाला, हात काय करतात ते बघा, कॅमेरा कमी काढा. दुपारी सगळ्या जणी कडुलिंबाखाली शिदोरी सोडतात तेव्हा सावलीत मऊ उजेड असतो आणि कोणाचा वेळही जात नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास गाठोडी डोक्यावर घेऊन धुऱ्याने, म्हणजे बांधावरून रांग निघते, काट्याशी गर्दी होते, कोणाचा किती भरला यावर बोलाचाली होतात. तेव्हा ऊनही तिरपं झालेलं असतं. मला आजवर मिळालेले वेचणीचे चांगले फोटो त्या अर्ध्या तासातलेच आहेत. एखादीला थांबवून पोर्ट्रेट काढायचंच असेल, तर काटा झाल्यावर विचारा. शेतमालकाला विचारलं म्हणजे तिला विचारलं असं होत नाही.

कापूस पांढराशुभ्र, चेहरा काळाठिक्कर

ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळते. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी धरून मोजतं. फ्रेममध्ये कापसाचा ढीग मोठा असला की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग ते सगळंच अंधारं करतं आणि पदराच्या सावलीतला चेहरा बुडतो. उलट, नांगरलेल्या काळ्या मातीसमोर माणूस उभा केला की मीटर उजेड वाढवतं आणि सावळी त्वचा फिकट, राखेसारखी दिसते. दोन्ही ठिकाणी उपाय एकच: स्पॉट मीटरिंग, म्हणजे फ्रेममधल्या एका लहान जागेचाच उजेड मोजणारी सेटिंग घ्या, चेहऱ्यावर मोजा, चेहरा सावळा असेल तर उजेड थोडा कमी करा, तेच मॅन्युअलमध्ये पक्कं करा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल ठेवा. मागचा कापूस थोडा जळाला, म्हणजे नुसता पांढराफटक आला, तर जळू द्या, चेहरा जाता कामा नये.

भर दुपारी डोळ्यांच्या खोबणीत सावली पडतेच. तिथे फ्लॅशपेक्षा पांढरा दुपट्टा बरा. कोणाकडून तरी मागून घ्या, दोघांना धरायला सांगा आणि खालून हलका उजेड चेहऱ्यावर उडू द्या. ढिगाजवळ बसलेल्या माणसाला तर कापूसच रिफ्लेक्टरचं काम करतो.

आणखी एक बारीक गोष्ट. हिरव्या शेडनेटखाली किंवा निळ्या ताडपत्रीच्या सपरीत काढलेला चेहरा आजारी माणसासारखा दिसतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाची रंगछटा सुधारणारी सेटिंग) कितीही फिरवला तरी तो रंग पूर्ण जात नाही, कारण चेहऱ्याच्या एका बाजूला बाहेरचा उजेड असतो आणि दुसऱ्या बाजूला ताडपत्रीतून गाळलेला. तिथे जागा बदला. मातीच्या घराचं दार, माणूस उंबरठ्याच्या आत एक हात, आणि तुम्ही बाहेर अंगणात. यापेक्षा चांगला स्टुडिओ मला शहरात मिळालेला नाही.

एडिटिंगमध्ये गोरं करणं

लग्नाच्या अल्बमपासून लागलेली ही सवय. स्लायडर ओढला की आजीच्या हनुवटीवरचं गोंदण गेलं, आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, दिवसभर वावरात राबलेल्या माणसाचा रंग गेला. यावर माझं मत ठाम आहे: मी करत नाही, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांनाही करू देत नाही. एकदा एका मुलाने वडिलांचा फोटो उजळून मागितला. मी दोन्ही प्रिंट काढून त्याच्या आईसमोर ठेवल्या. त्यांनी सावळ्या फोटोवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हे आहेत ते."

'ताठ उभे राहू नका' असं सांगणं

खेड्यात कॅमेरा निघाला की माणूस टोपी नीट करतो, सदऱ्याचं वरचं बटण लावतो, हात मांड्यांना चिकटवून उभा राहतो. नवे फोटोग्राफर लगेच म्हणतात, "नॅचरल राहा." तिथेच गाडी अडते. ज्याने आयुष्यात दोन-चारदाच फोटो काढला, तेही आधारसाठी किंवा बँकेच्या पासबुकासाठी, त्याच्या दृष्टीने असं उभं राहणं हाच मान आहे, स्वतःचा आणि तुमचाही. तो फोटो आधी काढा, मन लावून काढा. पाय कापू नका, टोपी कापू नका, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे असतील तर त्यांना विचारून बाजूला करा.

तो एकदा झाला की खांदे आपोआप खाली येतात. मग चहा येतो, बैलाचा विषय निघतो, यंदा सोयाबीनला काय भाव लागला ते निघतं. तुमचा फोटो तिथे असतो. चष्म्यात आभाळ चमकत असेल तर काड्या कानावरून जराशा वर उचलायला सांगा, काच खाली झुकते आणि चमक जाते. लेन्स पन्नास ते पंच्याऐंशी एमएम. चोवीसने जवळून काढलेला चेहरा नाकाकडून फुगतो, आणि तो फोटो त्या घरात कधीच लावला जात नाही.

फोटो आधीच ठरवून गावात शिरणं

काही वर्षांपूर्वी एका मासिकाने मला यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी पाठवलं. त्याने आत्महत्या केली होती. कामाचा कागद आला त्यात फोटोचं वर्णनही होतं: पत्नी, मांडीवर नवऱ्याची तसबीर, मागे रिकामी भिंत. मी पोहोचलो, ओसरीत बसलो, कॅमेरा अजून पिशवीतच होता. ताई आतून आल्या आणि म्हणाल्या, "फोटो हातात धरून बसू का? मांगं आले होते त्यायले तसाच पायजे होता."

मला बोलता आलं नाही. तसबीर भिंतीवरून उतरवायची, पदराने पुसायची, मांडीवर घ्यायची हे त्यांना पाठ झालं होतं.

त्या दिवशी मी फोटो काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेलो तर त्या पोत्यावर बसून वहीत मजुरांचा हिशेब तपासत होत्या, पेन्सिल कानामागे, बाजूला सुट्ट्या पैशांचा डबा. बाया पुढे उभ्या होत्या. विचारलं, काढू का. त्या म्हणाल्या, "काढा, पण हिशेब चुकू देऊ नका." तो फोटो मी पाठवला. मासिकाने तसबिरीचाच मागितला, मी दिला नाही, ते काम माझ्या हातून गेलं. पुन्हा वेळ आली तरी मी हेच करीन.

असाइनमेंट घेताना म्हणून आधीच बोलून घ्या: मला किमान दोन दिवस लागतील, पहिल्या दिवशी कदाचित एकही फोटो नसेल. जो याला तयार नाही त्याला नम्रपणे नाही म्हणा. मेळघाटात कोरकू आदिवासी लेकराचा उघडा, हाडं निघालेला फोटो मागणाऱ्यांनाही हेच उत्तर. त्या लेकराच्या आईला तुम्ही तो फोटो दाखवू शकणार नसाल तर तो काढू नका.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे भेगा पडलेली जमीन. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते, त्यामुळे चांगला पाऊस झालेल्या वर्षीही एप्रिल-मेमध्ये मूठ जाईल अशा भेगा पडतात. जुने शेतकरी तर म्हणतात, उन्हाळ्यात जमीन तापली, फाटली की पुढचं पीक चांगलं येतं. ती भेग दाखवून खाली 'दुष्काळ' लिहिणं म्हणजे वाचकाला फसवणं. दुष्काळ दाखवायचा असेल तर विहिरीचा तळ, टँकरची वाट पाहणारे ड्रम आणि ऑगस्टमधलं रान दाखवा. फोटोखालच्या ओळीत महिना आणि गाव लिहा.

प्रवासात, थोडक्यात

बहुतेक कॅमेरे चाळीस अंशांपर्यंत चालतील असं कंपन्याच लिहितात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. बंद गाडीत कॅमेरा ठेवू नका, गाडी चालू असताना ओल्या पंच्यात गुंडाळलेली पिशवी सीटखाली ठेवा. जुलैमध्ये एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका, उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं एसी बंद करून काचा उघडा. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यात लेन्स बदलू नका, सरकीचा तंतू सेन्सरवर बसला की आकाशाच्या प्रत्येक फोटोत दिसतो. तोंडाने फुंकर तर कधीच नाही, रबरी ब्लोअर वापरा.

दिवाळीनंतर वडसा, गडचिरोलीकडे झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याची नाटकं सुरू होतात आणि रात्रभर चालतात. तिथे फोटोवर आडवे काळे पट्टे येतात अशी तक्रार असते. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा, शटरचा वेग सेकंदाचा एकशतांश किंवा एकपन्नासांश ठेवा. फ्लॅश मारू नका, नटाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि संवाद सुटतो.

प्रिंट न देणं

'पाठवतो' म्हणून निघून जाणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. कितीतरी घरांत म्हातारं माणूस गेल्यावर फोटो सापडत नाही. मग कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा करतात, नाहीतर आधार कार्डावरचा. तुम्ही काढलेलं पोर्ट्रेट त्या घरात हार घालायला लागणार आहे, हे ध्यानात ठेवूनच काढा.

फोटो काढून झाला की पाटीवर किंवा कागदावर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, टोला (वस्ती) लिहून त्याचाही फोटो घ्या. एका गावात एकाच नावाची तीन माणसं निघतात. नंबर घरातल्या शिकत्या पोराचा घ्या, तो उचलतो. मोबाइलवर पाठवून भागत नाही, फोन बदलला की फोटो जातो. आठ बाय बाराची मॅट प्रिंट काढा आणि फ्रेम करून देणार असाल तर काच आणि प्रिंट यांच्यात पुठ्ठ्याची चौकट टाका. माझी एक फ्रेम मी तशी न टाकता दिली होती. दोन पावसाळ्यांत भिंतीची ओल धरली आणि प्रिंट काचेला चिकटली. घरचे ती सोडवायला गेले तर आजीच्या गालाचा रंग काचेवरच राहिला. त्या तोवर गेल्या होत्या. फाइल माझ्याकडे जपून ठेवलेली होती, म्हणून दुसरी प्रिंट करून मी स्वतः नेऊन दिली.