जीएसटीची कारणे दाखवा नोटीस आल्यावर न्याय्य सुनावणीचा हक्क कसा बजावावा

करनिर्धारणेत, म्हणजे किती कर देय आहे हे अधिकारी ठरवतो तेव्हा, व्यापारी हरतो तो पुष्कळदा हिशेब चुकल्यामुळे नव्हे, तर योग्य वेळी लेखी आक्षेप न घेतल्यामुळे. कायद्याने त्याला दिलेली संरक्षणे भक्कम आहेत, परंतु त्यांतली बरीचशी मागितल्याशिवाय पदरात पडत नाहीत.

प्रथम नोटीस शेवटपर्यंत वाचावी आणि ती कोणत्या कलमाखाली आहे ते पाहावे. २०२३-२४ पर्यंतच्या आर्थिक वर्षांसाठी जीएसटी कायद्याचे कलम ७३ हे साध्या चुकीसाठी, तर कलम ७४ हे फसवणूक, हेतुपुरस्सर खोटे निवेदन किंवा माहिती दडवणे यांसाठी आहे. २०२४-२५ पासून दोन्ही प्रकार कलम ७४अ मध्ये येतात. हा फरक शास्तीच्या, म्हणजे करावर लागणाऱ्या दंडाच्या, दृष्टीने फार मोठा आहे, कारण नव्या कलमानुसार साध्या चुकीची शास्ती कराच्या दहा टक्के किंवा १०,००० रुपये यांपैकी जास्त असेल तेवढी, तर फसवणुकीची कराइतकीच असते. म्हणून नोटिशीत फसवणुकीचा नुसता शब्द असेल आणि ती कोणत्या व्यवहारात, कशी झाली हे सांगितलेले नसेल, तर उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात तसा आक्षेप नोंदवावा. मागणी खरोखर बरोबर असेल, तर मात्र वाद वाढवू नये. साध्या चुकीच्या प्रकरणात कलम ७४अ खाली नोटिशीपासून ६० दिवसांत कर व व्याज भरल्यास शास्ती लागत नाही.

मागणी मान्य नसेल, तर आकडे कोठून आले याची विचारणा करावी. विभाग ज्या कागदपत्रांवर, जबाबांवर किंवा दुसऱ्या व्यापाऱ्याच्या वह्यांवर विसंबला असेल, त्यांच्या प्रती लेखी मागाव्यात. एखाद्याच्या जबाबावरच सारी मागणी उभी असेल, तर त्याच्या उलटतपासणीची मागणीही त्याच अर्जात करावी. केरळ राज्य विरुद्ध के. टी. शादुली या विक्रीकराच्या प्रकरणात अधिकाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याच्या वहीतील नोंदींवरून विवरणपत्र अमान्य केले, पण त्या व्यापाऱ्याला उलटतपासणीसाठी बोलावण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो नकार चुकीचा ठरवला. अंदाजाने करनिर्धारणा करण्याचा अधिकार असला, तरी त्या अंदाजाला काहीतरी आधार लागतो, आणि तो आधार खोडून काढण्याची संधी व्यापाऱ्याला मिळालीच पाहिजे.

उत्तर डीआरसी-०६ या नमुन्यात जीएसटी पोर्टलवर द्यायचे असते. त्यात वैयक्तिक सुनावणी हवी का, असा प्रश्न असतो. तेथे ‘होय’ निवडावे. घाईत ‘नाही’ निवडले गेले असले, तरी कलम ७५(४) प्रमाणे लेखी मागणी केल्यास, तसेच मागणी न करताही प्रतिकूल निर्णय घ्यायचा असल्यास, सुनावणीची संधी द्यावीच लागते. कागद जमवायला वेळ हवा असल्यास कारण लिहून तहकुबी मागावी, मात्र तहकुबी तीनपेक्षा अधिक वेळा मिळत नाही, हे लक्षात ठेवून ती जपून वापरावी. सुनावणीत तोंडी मांडलेला प्रत्येक मुद्दा त्याच दिवशी लेखी दाखल करावा, कारण अपिलात सुनावणीत काय बोलले गेले याची आठवण नव्हे, तर नोंद उपयोगी पडते.

शास्तीबाबत वेगळा युक्तिवाद करावा. कर देय ठरला म्हणून शास्ती आपोआप देय ठरत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये हिंदुस्थान स्टील विरुद्ध ओरिसा राज्य या विक्रीकर प्रकरणातच सांगितले होते. जाणूनबुजून कायदा मोडणे किंवा अप्रामाणिक वर्तन नसेल, तर केवळ अधिकार आहे म्हणून शास्ती लादू नये, असा त्याचा आशय आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १२६ नेही, रक्कम किंवा टक्केवारी ठरलेली नसलेल्या शास्तीबाबत, ती चुकीच्या गांभीर्याच्या प्रमाणात असावी असे म्हटले आहे.

आदेश हाती आल्यावर तो नोटिशीशेजारी ठेवून वाचावा. आदेशातील रक्कम नोटिशीपेक्षा जास्त असता कामा नये, आणि नोटिशीत नसलेल्या कारणावर मागणी कायम करता येत नाही, असे कलम ७५(७) सांगते. उत्तरातील मुद्द्यांना स्पर्श न करता ‘समाधानकारक नाही’ एवढेच लिहिले असेल, तर आदेश सकारण नाही हा अपिलाचा स्वतंत्र मुद्दा होतो. अपील आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांत करावे. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी एकच महिना मिळू शकतो. त्यासाठी मान्य असलेली रक्कम पूर्ण आणि वादग्रस्त कराच्या दहा टक्के आधी भरावे लागतात, तेव्हा पैशांची तजवीज आदेशाच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करावी.