आगोटीच्या कामांत एक काम बॅकअपचं

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा दुकानातले तीन सीपीयू मी एकेक करून माळ्यावर चढवले. चौथ्या खेपेला पाणी कमरेपर्यंत आलं होतं, म्हणून परत खाली उतरले नाही. तिन्ही मशिनं वाचली. गिऱ्हाइकांच्या बॅकअपची हार्डडिस्क मात्र टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात होती. नीट जपून ठेवलेली.

पाणी ओसरल्यावर खण उघडला. लाकूड फुगल्यामुळे पहारीने उचकटावा लागला. डिस्कवर चॉकलेटी गाळाचा थर, डिझेलचा वास आणि केबल जोडायच्या खाचेत घट्ट बसलेली चिकणमाती. मी ती नळाखाली धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि लॅपटॉपला लावली. टक, टक, टक, मग शांत. धुणं, वाळवणं, लावणं, तिन्ही गोष्टी चुकल्या. भिजलेली फिरती हार्डडिस्क वाळू द्यायची नाही, कारण गाळ वाळला की तबकडीला धरतो. तिला वीजही द्यायची नाही. ओलसर कपड्यात गुंडाळून हवाबंद पिशवीत घालायची आणि तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे धाडायची. हे मला कळलं तेव्हा डिस्क गेलेली होती.

तेव्हापासून माझ्या वीसेक गिऱ्हाइकांचा बॅकअप मी आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, कामात धरते. कौलं शाकारायची, लाकडं भरायची, सुकी मासळी डब्यात घालायची, त्याच यादीत हेही. मृग लागायच्या आत सगळं तपासून झालं पाहिजे.

सुरुवात वहीपासून करा, सॉफ्टवेअर नंतर. काय गेलं तर धंदा अडेल, हे आधी लिहायचं. काजू फॅक्टरीच्या शेटना विचारलं तर म्हणाले, "ताई, सगळंच महत्त्वाचं." मी प्रश्न फिरवला, "शेट, उद्या सकाळी सगळं पुसलं गेलं तर पहिला फोन कोणाचा येईल?" ते लगेच म्हणाले, "बागायतदारांचा. कोणाची किती बी घेतली आणि किती पैसे द्यायचे राहिलेत." म्हणजे त्यांच्याकडे पहिला नंबर काजू बीच्या खरेदीचा. टॅली या सॉफ्टवेअरमधला बाकीचा हिशोब दुसरा. पाच वर्षांपूर्वीच्या पार्टीचे फोटो, जे त्यांच्या संगणकात सर्वात जास्त जागा खातात, ते शेवटी.

मग दोन आकडे ठरवायचे. किती वेळाचं काम हातचं गेलं तर चालेल, हा पहिला. याला आरपीओ म्हणतात. परत सुरू व्हायला किती वेळ लागला तर चालेल, हा दुसरा. त्याचं नाव आरटीओ, आणि ते ऐकलं की प्रत्येक गिऱ्हाईक लायसन्सबद्दल विचारतं. शेटचे आकडे वर्षभर सारखे नसतात. मार्च ते मे गाड्या लागलेल्या असतात, तेव्हा अर्ध्या दिवसाच्या नोंदी गेल्या तरी भांडणं होतील, म्हणून दुपारी एक आणि संध्याकाळी एक बॅकअप. पावसाळ्यात दिवसाला एक पुरतो.

प्रती किती, याचा नियम जुना आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्याकडे अडचण येते ती 'दुसऱ्या ठिकाणी' या शब्दांची. बाजारपेठेतल्या दुकानाची प्रत खेर्डीत ठेवली तर नदी तीच. बँकेचं लॉकर तळमजल्यावर असेल तर तेही नको. माझ्या एका गिऱ्हाइकाने कोल्हापूरला भावाकडे डिस्क ठेवली होती. २०२१ च्या त्याच आठवड्यात पंचगंगा फुगली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाशिष्ठीमुळे कोकण रेल्वेही थांबली. डिस्क सुखरूप होती, पण आणायची कशी? म्हणून मी दूरची एक प्रत क्लाउडवर ठेवायला लावते आणि गावातल्या गावात उंचावरची एक जागा शोधायला सांगते. डोंगरावरच्या पाखाडीत कोणाचं तरी घर असतंच. मामीच्या कपाटात डिस्क ठेवण्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त डिस्क पासवर्डने कुलूपबंद करा, मामी कितीही विश्वासू असली तरी.

डिस्क दोन घ्या, आळीपाळीने वापरा. मी एकीला लाल फीत बांधते, एकीला पांढरी. लाल दुकानात असेल तेव्हा पांढरी वर, आणि दर शनिवारी अदलाबदल. बॅकअप झाला की केबल काढायचीच. एका ओळखीच्या ऑफिसात रॅन्समवेअर शिरलं, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर. घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून संगणक चालवायची सोय, थेट इंटरनेटवर उघडा ठेवला होता आणि पासवर्ड होता ऑफिसचंच नाव. बॅकअपची डिस्क चोवीस तास लावलेली, त्यामुळे मूळ फायलींबरोबर बॅकअपही कुलूपबंद झाला. असं काही घडलं तर मशीन नेटवर्कमधून काढा, फॉरमॅट करायची घाई करू नका. २०२२ च्या एप्रिलमध्ये निघालेल्या सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, निर्देशांनुसार अशा घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते, तेही वहीत लिहून ठेवा.

डिस्कसाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी लागते. आपल्या जुलैत दाराच्या कड्या गंजतात, तिथे यूएसबीचं टोक काय टिकणार. पेन ड्राइव्ह फायली न्यायला-आणायला ठीक आहे, वर्षभर साठवायला नको.

आता ड्राइव्हबद्दल, कारण "आमचं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे" हे मी रोज ऐकते. फोल्डर आपोआप जुळवून घेणं म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाईल पुसली की तिथेही पुसली जाते. कचरापेटीत ती ३० दिवस राहते, पण मार्चची गायब फाईल मे महिन्यात लक्षात आली तर? म्हणून मी सात फोल्डर करते, सोमवार ते रविवार, आणि महिनाअखेरीची एक प्रत वेगळी, जिच्यावर पुन्हा काही लिहायचं नाही. जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, त्यामुळे मार्चअखेरीच्या प्रतींना हात लावायचा नाही. रोबोकॉपी ही विंडोजची फायली कॉपी करायची कमांड वापरणाऱ्या हौशी मंडळींना एक सूचना: तिचा मिरर पर्याय मूळ फोल्डर रिकामा दिसला तर बॅकअपही रिकामा करतो. मी स्वतः केलंय. त्याबद्दल जास्त विचारू नका.

क्लाउडचा दुसरा हिशोब वेळेचा. ५०० जीबी डेटा २० एमबीपीएसच्या लाइनवर उतरवायला साधारण ५६ तास लागतात, आणि तेही लाइन न तुटता. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. तेव्हा क्लाउडवरची प्रत असून नसल्यासारखीच होती. म्हणून पहिल्या नंबरचा डेटा, बहुतेकांचा तो काही जीबीच असतो, हातातल्या डिस्कवर हवाच. आणि इन्व्हर्टरवर चालणारा एक जुना लॅपटॉप, ज्यावर टॅली उघडतं.

लोक विसरतात तो कागद. डेटा क्लाउडवर, पण ओटीपी येणारा फोन पाण्यात गेला, हे मी २०२१ मध्ये दोन ठिकाणी पाहिलं. त्यामुळे ईमेलचे बॅकअप कोड, डिस्कचा पासवर्ड, विंडोजची बिटलॉकर की (कुलूपबंद डिस्क उघडायचा लांबलचक आकडा), टॅलीचा सीरियल नंबर आणि त्याला जोडलेला ईमेल हे सगळं कागदावर. तो ईमेल पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो, हे इतक्यांदा झालंय की मी आता पहिल्या दिवशीच तपासते. इंकजेटवर छापू नका, शाई धुऊन जाते. बॉलपेनने लिहा, लॅमिनेट करा, एक मालकाकडे आणि एक घरातल्या दुसऱ्या माणसाकडे.

आणि मग मे महिन्यातली रंगीत तालीम. बॅकअप झाल्याचा हिरवा मेसेज मी मानत नाही. मूळ संगणक बंद ठेवायचा, जुना लॅपटॉप घ्यायचा, डिस्क लावायची. टॅलीत ऑल्ट-वाय दाबून रिस्टोर, पण नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये. चालू डेटाच्याच फोल्डरमध्ये केलं तर आजचं काम जुन्या प्रतीखाली जातं. मग शेवटचं व्हाउचर कोणत्या तारखेचं दिसतं ते बघायचं आणि तीन पार्ट्यांची बाकी छापील खात्याशी ताडायची. हे मी करत नाही, दुकानातल्या माणसाकडून करून घेते. पूर आला तेव्हा मी माळ्यावर अडकलेली होते.

वेळ घड्याळ लावून वहीत लिहायची. शेटकडे गेल्या वर्षी ३ तास ४० मिनिटं लागली, त्यातली ५० मिनिटं कागद कुठे ठेवलाय ते शोधण्यात. यंदा २ तास १० मिनिटं. कागद देवघरातल्या पंचांगामागे होता, वहिनींना माहीत होतं, शेटना नव्हतं. आता ती जागाही वहीत लिहिली आहे.