ग्राफिक एलसीडी उजळते, पण अक्षर उमटत नाही: दोष शोधण्याची पद्धत

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत एका यंत्रावर दोन कामगार काम करत असतील, तर त्यांतला एक मराठी वाचणारा आणि दुसरा कन्नड वाचणारा असणे हे नेहमीचेच आहे. सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणारी साधी एलसीडी या दोघांच्याही उपयोगी पडत नाही, कारण तिच्या चिपमध्ये रोमन अक्षरे व काही चिन्हे कायमची भरलेली असतात आणि आपली म्हणून जेमतेम आठ चिन्हे घडवता येतात. त्यामुळे भट्टीचा टायमर असो, हायड्रॉलिक प्रेसचा काउंटर असो किंवा चिकोडीकडच्या उसाच्या मळ्यातला पंपाचा पॅनेल असो, दोन्ही लिप्यांत सूचना द्यायच्या असतील तर १२८ बाय ६४ ठिपक्यांची ग्राफिक एलसीडी बसवावी लागते. बहुतेक वेळा तिला वीस पिना असतात, आणि त्यांपैकी एक चुकली तरी पडदा कोरा राहतो.

अशा वेळी बहुतेक जण प्रथम प्रोग्रॅम उघडतात व त्यात बदल करू लागतात. माझ्या मते तो शेवटी उघडावा. वीजपुरवठा, कॉन्ट्रास्ट आणि तारा यांची खात्री होण्याआधी प्रोग्रॅममध्ये केलेला प्रत्येक बदल हा नवा संशयित ठरतो, आणि दोन तासांनी मूळ दोष कोणता व आपण घातलेला कोणता हे ओळखता येत नाही. मल्टिमीटर, एक एलईडी, ४७० ओहमचा रोधक आणि पुढे सांगितलेले दोन लहान चाचणी-प्रोग्रॅम एवढे साहित्य पुरेसे आहे.

प्रथम चिप ओळखावी

बाजारात १२८ बाय ६४ म्हणून मिळणाऱ्या मॉड्यूलमध्ये मुख्यतः दोन घराण्यांच्या चिप आढळतात. पहिले घराणे केएस०१०८ चे. यात पडद्याचा डावा व उजवा अर्धा भाग, म्हणजे प्रत्येकी ६४ बाय ६४ ठिपके, दोन वेगळ्या चिप सांभाळतात. म्हणून अशा मॉड्यूलवर सीएस१ व सीएस२ या दोन निवड-पिना असतात. दुसरे घराणे एसटी७९२० चे. यात पीएसबी नावाची पिन असते. ती पाच व्होल्टला जोडल्यास मॉड्यूल समांतर पद्धतीने आणि ग्राउंडला जोडल्यास सिरियल पद्धतीने बोलते. दोन्ही मॉड्यूल दिसायला सारखीच असतात, परंतु एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर काहीही दाखवत नाही. मागच्या बाजूला छापलेली पिनांची नावे वाचली की ही शंका मिटते.

पिनांचा क्रमही गृहीत धरू नये. केएस०१०८ च्या काही मॉड्यूलवर पहिली पिन ग्राउंड व दुसरी पाच व्होल्टची असते, तर काहींवर नेमके उलटे असते. जुन्या मॉड्यूलच्या जागी नवे बसवताना तीच केबल तशीच खोचली, तर मॉड्यूल कायमचे निकामी होऊ शकते.

कॉन्ट्रास्ट

मागचा प्रकाश लागला म्हणजे एलसीडी चालू झाली असे नव्हे. तो प्रकाश म्हणजे केवळ एलईडी आहे आणि त्याचा चिपशी काही संबंध नाही. त्याच्या वाटेत रोधक काही मॉड्यूलवर आधीच बसवलेला असतो, काहींवर नसतो. म्हणून प्रथम शंभर ओहमचा रोधक घालूनच तो लावून पाहावा.

सर्वाधिक चुका कॉन्ट्रास्टच्या जोडणीत होतात. साध्या अक्षर-एलसीडीवर प्रीसेटचे (फिरवून बदलता येणाऱ्या लहान रोधकाचे) एक टोक पाच व्होल्टला, दुसरे ग्राउंडला आणि मधले टोक व्हीओ या कॉन्ट्रास्टच्या पिनेला जोडण्याची सवय हाताला लागलेली असते. केएस०१०८ च्या मॉड्यूलला एवढा दाब (व्होल्टेज) पुरत नाही. त्याला पाच व्होल्टची तार आणि व्हीओ यांच्यात साधारण आठ ते दहा व्होल्टचा फरक लागतो, आणि त्यासाठी मॉड्यूल स्वतःच ऋण दाब तयार करून व्हीईई पिनेवर देते. प्रीसेटचे एक टोक पाच व्होल्टला व दुसरे ग्राउंडऐवजी या व्हीईईला जोडावे; १० किंवा २० किलोओहमचा प्रीसेट चालतो. मीटरची काळी तार ग्राउंडवर ठेवून लाल तार व्हीओवर टेकवली असता ऋण आकडा दिसला पाहिजे. व्हीईईवरच ऋण दाब मिळत नसेल, तर दोष मॉड्यूलच्या आतल्या दाब तयार करणाऱ्या भागात आहे आणि प्रोग्रॅम कितीही सुधारला तरी उपयोग होणार नाही. एसटी७९२० च्या अनेक मॉड्यूलवर लहान प्रीसेट पाठीमागेच बसवलेला असतो. तो स्क्रूड्रायव्हरने सावकाश फिरवून पाहावा.

प्रीसेट एका टोकाकडे नेल्यावर संपूर्ण पडदा काळसर आणि दुसऱ्या टोकाकडे नेल्यावर पूर्ण फिका व्हायला हवा. हा फरक दिसेपर्यंत पुढे जाऊ नये. कॉन्ट्रास्ट तापमानानुसारही सरकतो, म्हणून भट्टीजवळ बसणाऱ्या पॅनेलचा प्रीसेट टेबलावर नव्हे, तर पॅनेल तापल्यावर त्याच्या जागीच लावावा.

तारा तपासण्याचा पहिला प्रोग्रॅम

या प्रोग्रॅमने एलसीडीला काहीच सांगायचे नसते. मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपची, एलसीडीला जोडलेली प्रत्येक पिन पाळीपाळीने एक सेकंद चालू व एक सेकंद बंद करावी आणि एलईडी व रोधक घेऊन ती हालचाल एलसीडीच्या टोकाशी पाहावी. मायक्रोकंट्रोलरच्या टोकाशी पाहिल्यास केबलमधला तुटलेला धागा किंवा कच्चे सोल्डरिंग सापडत नाही.

एटीमेगा३२ या मायक्रोकंट्रोलरवर मी पहिल्यांदा अशी एलसीडी जोडली तेव्हा आठही डेटा-तारा पोर्ट सी या आठ पिनांच्या गटावर घेतल्या होत्या. पडदा कोराच राहिला. रिबन केबल तीन वेळा बदलली, मॉड्यूलही बदलले, आणि अखेर वरील चाचणी केली तेव्हा क्रमांक दोन ते पाच या चार पिना हलतच नसल्याचे दिसले. या चिपमध्ये जेटॅग नावाची तपासणी-सोय कारखान्यातूनच चालू असते आणि ती नेमक्या याच चार पिना व्यापून बसते. चिपमधले फ्यूज-बिट (प्रोग्रॅमरने बदलता येणारी आतली मांडणी) बदलून, किंवा प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एमसीयूसीएसआर या रजिस्टरमधील जेटीडी बिट चार घड्याळ-ठोक्यांच्या आत दोनदा लिहून, ती बंद करता येते. पिक या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलर-मालिकेतही असे सापळे आहेत: अनेक चिपच्या काही पिना चालू होताच अॅनालॉग अवस्थेत असतात, आणि १६एफ८७७ए ची आरए४ ही पिन वरच्या बाजूचा रोधक लावल्याशिवाय पाच व्होल्टपर्यंत जातच नाही.

याच वेळी रीसेट पिनही मोजावी. ती मोकळी सोडलेली असेल, तर बोट लावल्यावर पडदा चालू होणे आणि काढल्यावर बंद पडणे असा प्रकार दिसतो. मॉड्यूलमधून काही वाचायचे नसेल, तर समांतर जोडणीत वाचन-लेखन पिन सरळ ग्राउंडला जोडावी.

दुसरा प्रोग्रॅम: सरकती रेघ

केएस०१०८ च्या प्रत्येक चिपमध्ये पडदा आठ आडव्या पट्ट्यांत वाटलेला असतो, आणि प्रत्येक पट्टीत ६४ उभे बाइट असतात. बाइटचा सर्वांत लहान बिट वर, सर्वांत मोठा खाली. चालू करण्याची आज्ञा ६३, पट्टी निवडण्याची १८४ ते १९१, स्तंभ निवडण्याची ६४ ते १२७ आणि आरंभ-रेघेची १९२ ते २५५. चालू होताच प्रथम १९२ द्यावे, नाहीतर संपूर्ण चित्र वर-खाली सरकलेले दिसू शकते.

आता ६३ ही आज्ञा दोन्ही चिपना देऊन थांबावे. पडद्यावर विस्कटलेले ठिपके उमटले, तर मन खट्टू होऊ देऊ नये, कारण रीसेटनंतर ही चिप पडदा बंद ठेवते, आणि ते ठिपके दिसले याचाच अर्थ चिपने आपली आज्ञा ऐकली आणि मेमरीत असलेला कचरा दाखवला. फक्त अर्ध्याच भागात ठिपके आले, तर दुसऱ्या अर्ध्याची निवड-तार पाहावी. डावे चित्र उजवीकडे व उजवे डावीकडे येत असेल, तर सीएस१ व सीएस२ अदलाबदल झाल्या आहेत, किंवा त्यांची दिशा उलटी आहे: काही मॉड्यूलमध्ये चिप पाच व्होल्टने निवडली जाते, तर काहींमध्ये शून्याने.

त्यानंतर संपूर्ण पडदा १ या बाइटने भरावा. आठ बारीक आडव्या रेघा दिसल्या पाहिजेत. मग २, ४, ८ असे करत १२८ पर्यंत जावे. प्रत्येक वेळी सर्व रेघा एकेक ठिपका खाली उतरल्या पाहिजेत. एखाद्या पायरीला रेघ आलीच नाही, तर त्या क्रमांकाची तार तुटली आहे. रेघ क्रम सोडून उडी मारत असेल, तर दोन तारा एकमेकींच्या जागी गेल्या आहेत. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. ६३ मध्ये पहिले सहाही बिट १ असल्यामुळे त्या सहा तारांची आपसात अदलाबदल झाली तरी पडदा चालू होतो, आणि पडदा चालू झाला म्हणून तारा बरोबर आहेत असा समज होतो. उलट त्या सहांपैकी एक जरी शून्यावर अडकली, तरी पडदा चालूच होत नाही. पहिलीच अडकली तर ६३ चे ६२ होते, आणि ६२ ही पडदा बंद करण्याची आज्ञा आहे.

एसटी७९२० ची गोष्ट वेगळी आहे. तेथे ४८, ५२ आणि ५४ या आज्ञांनी अनुक्रमे मूळ अवस्था, विस्तारित अवस्था आणि चित्र-अवस्था सुरू होते. पडदा पुसण्याची नेहमीची आज्ञा चित्राची मेमरी पुसत नाही. तिच्यात आपणच शून्ये भरावी लागतात. वरचा अर्धा भाग बरोबर आणि खालचा रिकामा किंवा भलताच असेल, तर पत्ता चुकलेला असतो: ही चिप खालच्या अर्ध्या भागाला आडव्या पत्त्यांत ८ ते १५ आणि उभ्या पत्त्यांत पुन्हा ० ते ३१ असे मोजते. सिरियल जोडणीत निवड-पिन पाच व्होल्टने सक्रिय होते, हेही अनेकदा विसरले जाते.

वेग आणि दाबाची पातळी

केएस०१०८ च्या ई पिनेवरील (डेटा उचलण्याची खूण देणाऱ्या पिनेवरील) ठोका किमान ४५० नॅनोसेकंद उंच राहिला पाहिजे. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एव्हीआरचे (एटीमेगाच्या घराण्यातल्या चिपचे) एक घड्याळ ६२.५ नॅनोसेकंदांचे असते. पोर्टचा बिट थेट चढवून लगेच उतरवला तर ठोका सव्वाशे नॅनोसेकंदांतच संपतो, म्हणून मध्ये किमान सात-आठ घड्याळांची उसंत ठेवावी. आर्डुइनोची पिन लिहिण्याची तयार आज्ञा मुळातच संथ असल्यामुळे तिथे हा दोष झाकला जातो आणि तोच प्रोग्रॅम थेट पोर्टवर आणल्यावर उघडा पडतो. एसटी७९२० ला साध्या आज्ञेनंतर ७२ मायक्रोसेकंद आणि पुसण्याच्या आज्ञेनंतर १.६ मिलिसेकंद द्यावे लागतात.

ईएसपी३२ सारखा ३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर असेल, तर आणखी एक अडचण उभी राहते. पाच व्होल्टवर चालणारी एसटी७९२० चिप ३.५ व्होल्टच्या खालच्या दाबाला ‘एक’ मानेलच याची हमी नाही. टेबलावर चालते आणि पॅनेलमध्ये चालत नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. मध्ये ७४एचसीटी२४५ ही दाबाची पातळी वाढवणारी चिप बसवणे हा खात्रीचा उपाय आहे.

अक्षरे तुटक दिसत असतील तर

सरकती रेघ बरोबर उतरते, पण शब्दांचा चुरा होतो, असे असेल तर दोष चित्राच्या मांडणीत आहे. केएस०१०८ ला उभे बाइट लागतात, एसटी७९२० ला आडवे, आणि चित्राचे बाइट करणाऱ्या साधनात हा पर्याय निवडावा लागतो. देवनागरी व कन्नड शब्द एकेक अक्षर जोडून बनवण्यापेक्षा पूर्ण शब्दाचे चित्र करणे मला अधिक योग्य वाटते, कारण जोडाक्षर, वेलांटी आणि कन्नडमधले खाली लटकणारे ओत्तक्षर यांची जुळणी लहान चिपवरच्या फाँटकडून होत नाही. देवनागरीला शिरोरेघ व खालचे उकार धरून किमान १६ ठिपक्यांची उंची ठेवावी; कन्नडला त्याहून थोडी जास्त लागते, अन्यथा ओत्तक्षर कापले जाऊन शब्दाचा अर्थच बदलतो.

६४ बाय १६ ठिपक्यांचा एक शब्द १२८ बाइट घेतो. एटीमेगा३२८पी मध्ये रॅम २०४८ बाइटच आहे आणि पूर्ण पडद्याची प्रत ठेवण्यात त्यातील १०२४ जातात. असे दहा शब्द रॅममध्येच ठेवले तर जागा संपते आणि पडद्यावर मधूनच भलतेसलते ठिपके येऊ लागतात किंवा चिप पुन्हा पुन्हा सुरू होते. शब्दांची चित्रे प्रोग्रॅम मेमरीत ठेवावीत.

जागेवर गेल्यावर

कार्यशाळेत आठवडाभर चाललेला पडदा मोटर सुरू होताच बिघडत असेल, तर कॉन्टॅक्टरचा (मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युत-स्विचचा) गोंगाट तारांत शिरतो आहे. मॉड्यूलच्या वीज-पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, रिबन केबल वीतभरच ठेवावी, आणि ती मोटरच्या तारांसोबत एकाच पट्टीतून नेऊ नये. कॉन्टॅक्टरच्या एसी कॉइलवर १०० ओहम व ०.१ मायक्रोफॅरड यांची एकसर जोडणी समांतर लावावी; कपॅसिटर एसी मेन्ससाठी बनवलेलाच असावा. एवढे करूनही क्वचित पडदा भरकटतो. त्यासाठी प्रोग्रॅमने दर काही सेकंदांनी सुरुवातीच्या आज्ञा पुन्हा द्याव्यात, म्हणजे कामगाराला पॅनेलची वीज बंद करून चालू करावी लागत नाही.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळ्याचे महिने जोडणीचे वैरी असतात. पिना हिरवट पडतात, स्पर्श कच्चा होतो, आणि अर्धा पडदा जाणे किंवा एखादी रेघ गळणे असे दोष जुन्या, चांगल्या चाललेल्या पॅनेलमध्येही दिसू लागतात. तेथे खोचण्याच्या हेडरऐवजी तारा थेट सोल्डर कराव्यात, फ्लक्स स्पिरिटने पुसून काढावा, आणि सरकत्या रेघेची चाचणी पूर्ण उत्तीर्ण झाल्यावरच पीसीबीवर संरक्षक वार्निशचा हात द्यावा, कारण वार्निशखालचे कच्चे सोल्डरिंग शोधणे फार जिकिरीचे होते.